आरएक्स १०० घेऊन कच्च्या रस्त्यावर जायचंय?

यामाहाची आरएक्स १०० ही रोडचीच गाडी, १९८५ ते १९९६ मधली, ९८ सीसी टू-स्ट्रोक, पण वजनाला हलकी असल्यामुळे पुण्याजवळच्या मुळशी-वेल्ह्याकडच्या मातीच्या रस्त्यांवर फिरायला मस्त वाटते, फक्त उड्या मारायला नेऊ नका, चेसिस त्यासाठी नाहीये.

पहिलं काम टायर. मागं बटण टायर (मातीत पकडणारं, उंच गुठळ्यांचं) टाका, तेवढ्यानं अर्धी गाडी बदलते. हवा थोडी कमी ठेवा पण फार नको, ट्यूब आहे, दगडावर रिम आपटली की लगेच पंक्चर. पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एका दाताने लहान केलं तर चढावर क्लच जाळावा लागत नाही, आणि चढावर बंद पडलीच तरी क्लच दाबून गिअरमध्येच किक मारता येते, हे मला या गाडीचं सगळ्यात आवडतं.

एअर फिल्टर प्रत्येक फेरीनंतर उघडाच. फोम रॉकेलमध्ये धुवा, वाळवा, दोन थेंब ऑइल चोळून पिळा, कारण धूळ आत गेली की पिस्टन-सिलिंडर खलास आणि ओरिजिनल पार्ट आता मिळणं अवघड.

उतारावर टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेक (अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनानं गाडी रोखणं) जवळजवळ नसतोच, म्हणून आधीच स्पीड कमी करा. ओढ्यातून आल्यावर ड्रम ब्रेक हलके दाबत थोडं चालवा, नाहीतर लागतच नाहीत.

आणि प्लीज, पावसाळ्यानंतर फुलं येणाऱ्या सड्यांवर (कातळाच्या पठारांवर) गाडी घालू नका, एका चाकोरीनं तिथली माती वर्षानुवर्षं दबलेली राहते.