घरचे व्हेज मोमो का फुटतात? या चुका टाळा

मोमो फुटला की पहिला संशय मैद्यावर जातो. नीट मळला नसेल, पारी फार पातळ लाटली गेली असेल, वगैरे. पण बहुतेक वेळा खरा गुन्हेगार आत बसलेला असतो. तो म्हणजे कोबी.

कोबीत 90 टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि मीठ लागलं की तो ते सोडायला लागतो. सारण कालवताना छान कोरडं दिसतं. मात्र निम्मे मोमो वळून होईस्तोवर भांड्याच्या तळाशी पाणी जमतं. त्यानंतर भरलेल्या मोमोंची बुडं ताटाला चिकटतात, आणि उचलायला गेलं की सारण ताटात आणि पारी हातात.

म्हणून मीठ आधीच लावा. कोबी किसू नका, सुरीनं बारीक चिरा. किसल्यावर त्याचा लगदा होतो. 300 ग्रॅम कोबीला एक छोटा चमचा मीठ चोळून 15-20 मिनिटं ठेवा, मग सुती फडक्यात बांधून चांगला पीळ देऊन पिळा. मुठीत दाबून भागत नाही, फडकंच हवं. निघालेलं पाणी खारट असतं, ते सूपमध्ये किंवा आमटीत घाला. सारणात पुन्हा मीठ घालण्याआधी मात्र चव घ्या, कारण बरंचसं मीठ कोबीतच राहिलेलं असतं.

मश्रूम घालणार असाल तर तो तेलाशिवाय मोठ्या आचेवर परता. आधी पाणी सुटेल, मग आटेल; आटल्यावरच उतरवा. गाजराचा त्रास नसतो.

दुसरी खोड आपल्या सवयीची आहे. सारण म्हटलं की आपण भाजी करायला घेतो: फोडणी, हळद, झाकण ठेवून वाफ. मोमोचं सारण पुढे चाळणीत शिजणारच असतं. आलं, लसूण, पातीचा कांदा आणि पिळलेला कोबी मोठ्या आचेवर जेमतेम दोन मिनिटं परतला की पुरे. मग ते ताटात पसरून पूर्ण गार करा. कोमट सारण भरलं की त्याची वाफ आतून पारी ओली करते आणि ती वळतानाच फाटते. सारण मोकळं वाटलं तर कुस्करलेलं पनीर किंवा घट्ट पिळलेलं टोफू घाला. चिनी घरांत यासाठी मुगाच्या पारदर्शक शेवया भिजवून, बारीक चिरून घालतात. उरलंसुरलं पाणी त्या शोषून घेतात.

पारी: पाणी गरम की गार?

हे ठरतं पुढे मोमो कसे शिजवणार यावर. उत्तर चीनमध्ये उकळत्या पाण्यात सोडायच्या जियाओझीसाठी (मोमोसारखाच चिनी पदार्थ) पीठ गार पाण्यात भिजवतात. पारी चिवट होते आणि पाण्यात धक्के खाऊनही टिकते. वाफवायच्या असतील तर कढत पाणी वापरतात. त्यानं पिठातला चिवटपणा कमी होतो, पारी मऊ पडते आणि लाटताना आखडत नाही. आपण घरी बहुधा वाफवतो, तरी पीठ मात्र गार पाण्यात भिजवतो, आणि मग मोमो थंड झाले की चामड्यासारखे झाले म्हणून तक्रार करतो.

मला मधला मार्ग आवडतो. 200 ग्रॅम मैद्यात आधी 60 मिलीलीटर उकळतं पाणी घालून चमच्यानं ढवळायचं, मग लागेल तसं 45-50 मिलीलीटर साधं पाणी. हे मोदकाच्या उकडीसारखं गॅसवर करायचं नाही, परातीतच करायचं. गोळा पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट हवा. ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा आणि पुन्हा तिंबा. हा अर्धा तास वाचवायला गेलात तर लाटलेली पारी पोळपाटावरच आक्रसते. नुसत्या कणकेचे मोमो होतात, पण कोंड्यामुळे पारी लवकर फाटते; निम्मी कणीक, निम्मा मैदा घ्या.

पारी साधारण 8-9 सेंटीमीटरची असावी, कडा पातळ आणि मध्य किंचित जाड. सगळीकडे सारखी लाटली तर बूड फाटतं आणि जिथे चुण्या एकत्र येतात तिथे कच्च्या पिठाची गाठ राहते. लाटताना पिठी कमी वापरा, कारण पिठी लागलेल्या कडा चिकटत नाहीत. तेलाचं बोट लागलं तर अजिबातच नाही. मिटताना आतली हवा दाबून बाहेर काढा. ती वाफेत फुगते आणि जोड उघडते.

वाफवताना

मोदकपात्र आहे? मग वेगळा स्टीमर घेऊ नका. पाणी खळखळून उकळल्यावरच चाळणी ठेवायची आणि पाण्याची पातळी चाळणीच्या बरीच खाली हवी. खाली कोबीची बाहेरची पानं घाला किंवा तेलाचा हात लावा. झाकणाला फडकं बांधा, ढोकळ्याला बांधतो तसं, नाहीतर झाकणावरचे थेंब मोमोंवर पडून पारी तिथे पांढरी, चिकट होते. 8 ते 10 मिनिटं पुरतात. पारी अर्धपारदर्शक दिसली आणि ओल्या बोटाला चिकटली नाही की झालं.

सॉस: बाटल्या कमी करा

फ्यूजन सॉस म्हणून सोया सॉस, शेझवान चटणी, केचप आणि व्हिनेगर एकत्र ढवळले जातात. या चारांपैकी तिघांत मीठ असतं आणि तिघांत आंबटपणा. मग चव सुधारायला साखर, साखर जास्त झाली म्हणून मिरची, असं चालू राहतं. खारट एकच घ्या, आंबट एकच घ्या.

नेपाळमध्ये मोमोबरोबर टोमॅटो आणि भाजलेल्या तिळाचं अचार देतात, त्यात टिमुर असतं. हे टिमुर आणि आपलं कोकण-गोव्यातलं तिरफळ एकाच कुळातलं. सिचुआन मिरीही त्यांचीच बहीण. त्यामुळे तिरफळ घातलेला मोमोचा सॉस मला ओढूनताणून केलेला वाटत नाही. दोन टोमॅटो आणि पाच-सहा लसणीच्या पाकळ्या थेट आचेवर भाजा. चार ब्याडगी मिरच्या गरम पाण्यात भिजवा. दोन मोठे चमचे तीळ कोरडे भाजून घ्या. सगळं गार करून एक मोठा चमचा सोया सॉस आणि सुपारीएवढा गूळ घालून वाटा. मीठ आत्ता नको, सोया सॉस पुरेसा खारट असतो. टोमॅटो असल्यामुळे व्हिनेगरही नको. कमी वाटलंच तर लिंबू पिळा.

तिरफळं चार-पाच पुरे. आतली काळी बी काढून टाका, ती दाताखाली कचकचते. फक्त सालं कुटून शेवटी मिसळा. मिक्सरमध्ये बारीक वाटली की कडवटपणा वर येतो.

एक चूक हमखास होते: पाककृतीत ‘तिळाचं तेल’ वाचून घाण्यावरचं तेल घातलं जातं. चिनी-जपानी पदार्थांतलं ते तेल आधी भाजलेल्या तिळांचं, गडद आणि वासाला तीव्र असतं. ते नसेल तर वरच्या सॉसमध्ये तीळ थोडे जास्त, बदामी रंगावर भाजा. पण करपवू नका.

मोमो उरणार असतील तर वाफवायच्या आधीच गोठवा. ताटात एकमेकांना न लागतील असे ठेवून कडक झाल्यावर पिशवीत भरा. खाताना बाहेर काढून ठेवायचे नाहीत. पाणी सुटून सगळे एकमेकांना चिकटतात. फ्रीझरमधून थेट वाफेवर, 12-13 मिनिटं.