टेराहर्ट्झ ध्रुवणाने पृष्ठभाग टिपायचाय? स्कॅनआधी एवढं करा

टेराहर्ट्झ म्हणजे सूक्ष्मलहरी आणि अवरक्त यांच्या मधले तरंग, आणि ध्रुवण म्हणजे त्यांचं विद्युत क्षेत्र कोणत्या दिशेला डोलतं ते. आधी मोजायचं काय ते ठरवा. १ टेराहर्ट्झची तरंगलांबी ०.३ मिलिमीटर असते, त्यामुळे आडव्या दिशेत त्याहून फार बारीक काही दिसेल ही आशा सोडा. उंचीची गोष्ट वेगळी. ताराजाळीने, म्हणजे समांतर बारीक तारांच्या चौकटीने, तरंगाचे दोन काटकोनी घटक वेगळे करायचे, एक संदर्भ आरशावरून आणि दुसरा नमुन्यावरून परत आणायचा आणि दोन्ही एकत्र आले की ठरावीक क्षणी विद्युत क्षेत्राचा कोन वाचायचा. पृष्ठभाग १ मायक्रॉन सरकला तर जाऊन-येऊन २ मायक्रॉन, म्हणजे सुमारे ६.७ फेम्टोसेकंदांचा फरक पडतो आणि कोन हलतो. कोन म्हणजे दोन घटकांचं गुणोत्तर, म्हणून दोन्ही एकाच वेळी मोजले तर हे तरंग निर्माण करणाऱ्या आणि वाचणाऱ्या लेझरची शक्ती थोडी डळमळली तरी फारसं बिघडत नाही.

बिघडवते ती हवा. पाण्याची वाफ ०.५५७, ०.७५२, १.०९७ अशा ठरलेल्या टेराहर्ट्झ वारंवारितांना तरंग गिळते आणि स्पंदामागे, म्हणजे तरंगाच्या क्षणिक झोतामागे, लांबलचक शेपूट सोडते. मुंबईत जुलैमध्ये काम असेल तर पेटी बंद करून कोरडा नायट्रोजन सकाळीच सोडून ठेवा. नोंदीत शेपूट दिसतंय तोवर थांबायचं. आर्द्रतामापकापेक्षा माझा विश्वास या शेपटावर जास्त. खोलीची हवा खेळती हवी, नायट्रोजन साचला तर श्वासाला प्राणवायू कमी पडतो.

एसीही तेव्हाच लावा आणि मग हात लावू नका. ३० सेंटिमीटर ॲल्युमिनियम १ अंशाने तापलं की जवळजवळ ७ मायक्रॉन वाढतं. तुम्ही शोधताय त्या खाचेपेक्षा हा आकडा मोठा असू शकतो.

ताराजाळीला बोट, कापूस, फुंकर काहीही नको. केसाहून बारीक टंगस्टनच्या तारा आहेत, एक वाकली की जाळी गेली. बसवताना तारांना समांतर क्षेत्र परावर्तित होतं आणि काटकोनातलं पार जातं, हे लक्षात ठेवा. फटींचा विचार करून बहुतेकांना उलटच वाटतं.

टेराहर्ट्झ किरणांची भीती नको, ८०० नॅनोमीटरच्या लेझरची हवी. तो डोळ्याला जेमतेम लालसर दिसतो, म्हणून फसवतो. लेझरपासून वाचवणारा चष्मा लावा, अंगठी-घड्याळ काढा. टेराहर्ट्झ अडवून लेझरचा प्रकाश मोजणाऱ्या दोन्ही फोटोडायोडांचा (प्रकाशसंवेदकांचा) फरक शून्यावर आणा. सिलिकॉनचा किरणविभाजक दोन घटकांना सारखं वागवत नाही, त्यामुळे नमुन्याच्या जागी साधा आरसा ठेवून त्याची दुरुस्ती आधीच काढून घ्या.

मग आणखी एक परीक्षा. वर्कशॉपमधून १.०० आणि १.०१ मिलिमीटरच्या स्लिप गेज (अचूक जाडीचे ठोकळे) आणा, सपाट पट्टीवर शेजारी-शेजारी दाबून बसवा आणि १० मायक्रॉनची पायरी मिळते का बघा. कडेवर टेराहर्ट्झचा ठिपका दोन्ही उंच्यांवर पडतो, तिथला आकडा सोडून द्या.

वाचनाचा क्षण निवडण्यात घाई नको, सगळं यश इथेच आहे. नमुन्याकडून येणारा घटक शून्य ओलांडतो तो क्षण धरा. तिथे चढ सगळ्यात तीव्र असतो, शिवाय डागामुळे परावर्तन कमी झालं तरी शून्य हे शून्यच राहतं. स्पंदाच्या शिखरावर वाचलंत तर प्रत्येक डाग खड्डा होऊन दिसेल. नमुन्यात मोठ्या पायऱ्या असतील तर एका क्षणावर भागत नाही, तिथे पूर्ण तरंगरूपच घ्यावं लागतं.

नमुना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि तिरका बसला नाही ना ते चारही कोपऱ्यांवर कोन वाचून तपासा. २० बाय २० मिलिमीटरचा भाग ०.१ मिलिमीटरच्या टप्प्यांनी घ्यायचा तर साधारण ४०,००० बिंदू होतात. बिंदूला ५० मिलिसेकंद धरले तरी अर्ध्या तासाहून जास्त. तेवढा वेळ दारावर पाटी लावा आणि शेवटी पहिल्या बिंदूवर परत येऊन कोन पुन्हा वाचा. आधीच्या आणि आताच्या वाचनात जितका फरक, तितकी शंका सगळ्या उंच्यांवर धरून चाला.