एप्रिलमधला हिरवा पट्टा

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी मी कऱ्हा नदीच्या वरच्या खोऱ्यावर प्रबंध घेतला. पुरंदर तालुक्यात, सासवडच्या आसपास, बसाल्टमध्ये भूजल कुठे साठतं हे उपग्रहचित्रं आणि जीआयएस (संगणकावर नकाशांचे थर एकत्र पाहायची पद्धत) वापरून शोधायचं होतं. भूशास्त्रातून या कामाकडे वळू पाहणाऱ्यांना मला त्या प्रबंधातलीच एक गोष्ट आधी सांगावीशी वाटते. सॉफ्टवेअर नंतर शिकता येतं.

एप्रिलची सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची चित्रं मी उतरवून घेतली. लाल आणि निकट-अवरक्त पट्ट्यांत त्यांचा एक पिक्सेल १० मीटरचा असतो. या दोन पट्ट्यांवरून एनडीव्हीआय, म्हणजे हिरवाईचा निर्देशांक काढला. सगळं खोरं तपकिरी दिसत होतं आणि त्यात जवळपास दोन किलोमीटर लांबीचा एक सरळ हिरवा पट्टा. आपल्याकडच्या बसाल्टमध्ये पाणी मिळतं ते भेगांत, दोन लाव्हाप्रवाहांच्या सांध्यात किंवा मांजऱ्या, म्हणजे वायूच्या पोकळ्या असलेल्या खडकाच्या झिजलेल्या थरात. घट्ट काळ्या कातळात ते मुरत नाही. म्हणून भर उन्हाळ्यात सरळ रेषेत हिरवळ दिसली की खाली भेग असणार, असा मी तर्क केला. नकाशावर जाड निळी रेघ ओढली आणि मार्गदर्शकांपुढे ठेवली. ते एवढंच म्हणाले, "जाऊन आलीस का तिथे?"

दोन दिवसांनी गेले. तो पट्टा म्हणजे अंजिराच्या बागा होत्या. प्रत्येक बागेच्या कडेला काळं प्लास्टिक अंथरलेलं शेततळं आणि झाडांच्या बुंध्याशी ठिबकच्या नळ्या. एक आजोबा फळं उतरवत होते, हातांना अंजिराचा चीक लागून बोटं चिकट झाली होती. मी विहिरीचं विचारलं तर म्हणाले, "इथलं पानी न्हाई पोरी हे. टँकरनं आनतो, तळ्यात सोडतो." मग मला पट्टा सरळ का होता ते कळलं. बागा डांबरी रस्त्याला धरून होत्या, कारण टँकर तिथवरच पोचतो. मी भेग म्हणून रस्ता आखला होता.

त्यांची विहीर आम्ही वाकून पाहिली. वर दोन पुरुष, म्हणजे दोन माणसांच्या उंचीइतका मुरूम, मग काळा कातळ, तळाशी मांजऱ्याचा कोरडा पट्टा. खरं पाणी त्यांनी मागच्या गायरानात दाखवलं. ओढ्याच्या वळणावर एक जुनी पायऱ्यांची विहीर होती, टेपनं मोजलं तर पाणी सहा मीटरवर. आजूबाजूला कुणाची शेती नाही, म्हणून माझ्या चित्रात ती जागा पूर्ण तपकिरी होती. उपग्रहाला हिरवं पान दिसतं. त्या पानाला पाणी कुठून मिळालं, ते त्याला दिसत नाही. तेव्हापासून मी कुठलीही रेघ आधी पेन्सिलनं ओढते आणि शेजारी लिहिते: पाहिली की नाही.

दुसरी चूक त्याच महिन्यातली. विहिरींच्या नोंदींची फाइल क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवली आणि एकही बिंदू खोऱ्यात दिसेना. अक्षांशाच्या जागी रेखांश गेले होते. सासवड साधारण १८.३ उत्तर, ७४ पूर्व. उलटं केलं की माझ्या सगळ्या विहिरी नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात. अशी चूक लगेच डोळ्यांत भरते, म्हणून ती परवडते. यूटीएम झोनची चूक मात्र लपून राहते. यूटीएम म्हणजे पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे, म्हणजे झोन, करून जागा मीटरमध्ये मोजायची पद्धत. ७८ पूर्व रेखावृत्ताच्या पश्चिमेला झोन ४३ आणि पूर्वेला ४४, त्यामुळे अमरावती एका झोनमध्ये आणि वर्धा, नागपूर दुसऱ्यात. विदर्भात काम करणार असाल तर पहिल्याच दिवशी झोन ठरवून वहीत लिहून ठेवा. आणि क्षेत्रफळ कधीही अंशांमधल्या (अक्षांश-रेखांशांतल्या) थरावरून काढू नका.

अनेक वर्षांची तुलना करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या आकड्यांत १००० ची भर घातलेली असते. ती वजा न करता २०२१ आणि २०२२ चा एनडीव्हीआय शेजारी ठेवलात तर काहीही न बदलता हिरवाई घटलेली दिसते. गूगल अर्थ इंजिन या ऑनलाइन सेवेत 'हार्मोनाइज्ड' नावाचा संच वापरला की हा प्रश्न सुटतो. जमिनीच्या उंचीच्या प्रतिमानांनाही तारीख असते. एसआरटीएम ही अवकाशयानातून रडारनं केलेली मोजणी फेब्रुवारी २००० मध्ये अकरा दिवसांत झाली. त्यानंतर खोदलेली खाण किंवा बांधलेला बंधारा त्यात सापडणार नाही. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरचं कार्टोडेम हे उंचीचं प्रतिमानही घ्या आणि दोन्हींतून निघणारे ओढे सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावर ताडून पाहा. पावसाळ्यात सह्याद्रीवर ढगांमुळे प्रकाशीय चित्रं जवळजवळ निरुपयोगी असतात. दरडींवर काम करायचं असेल तर सेंटिनेल-१ चं रडार शिकावंच लागेल. इर्शाळवाडीची दरड १९ जुलै २०२३ च्या रात्री कोसळली. अशा वेळी ढगांतून पाहू शकणारं साधन हवं.

शिक्षणाला फार पैसे लागत नाहीत, हे मी आवर्जून सांगते. क्यूजीआयएस मोफत आहे, लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची चित्रं २००८ पासून मोफत आहेत, आणि डेहराडूनची आयआयआरएस (भारतीय सुदूर संवेदन संस्था) घरबसल्या विनाशुल्क अभ्यासक्रम चालवते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण किंवा केंद्रीय भूजल मंडळात जायचं असेल तर यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा. राज्यात नागपूरचं एमआरसॅक (राज्याचं सुदूर संवेदन केंद्र) आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा. पाणलोटावर काम करणाऱ्या संस्थाही प्रकल्पापुरती माणसं घेतात. मुलाखतीला जाताना दहा रंगीत नकाशे नेऊ नका. एकच न्या, पण त्यातल्या प्रत्येक रेघेबद्दल तुम्हाला बोलता आलं पाहिजे. माझी पहिली नोकरी मला खोडलेल्या निळ्या रेघेच्या नकाशावर मिळाली. समोरच्यांनी अर्धा तास फक्त अंजिराच्या बागांबद्दल विचारलं.

सुरुवात करायची तर स्वतःच्या गावाचा ओढा घ्या. त्याचं पाणलोट आखा, एप्रिल आणि नोव्हेंबरचा एनडीव्हीआय काढा, मग टेप आणि वही घेऊन निदान दहा विहिरींवर जा. सकाळी लवकर जा, पंप सुरू व्हायच्या आत. नाहीतर उपशानं खाली गेलेली पातळी तुम्ही नेहमीची म्हणून लिहून याल.