‘खेळ पैठणीचा’ आपल्या मंडळात कसा रंगवावा: भावोजींच्या कार्यक्रमाकडून काय घ्यावे

गणेशोत्सवात, नवरात्रात किंवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ‘खेळ पैठणीचा’ ठेवायचे ठरले की आयोजक सर्वप्रथम खेळांची यादी करायला बसतात. ती यादी सर्वांत शेवटी करावी, असे मी सुचवेन. दूरचित्रवाणीवरच्या ज्या ‘होम मिनिस्टर’मुळे हा प्रकार गल्लोगल्ली पोहोचला, त्या कार्यक्रमातला एखादा खेळ आठवून सांगा म्हटले तर बहुतेकांना विचार करावा लागतो. मात्र नवऱ्याची तक्रार हसत हसत सांगणारी एखादी वहिनी, सुनेच्या बाजूने बोलून सगळ्यांना चकित करणारी सासू आणि त्या दोघींच्या मध्ये उभे राहून पुढचा प्रश्न नेमका हेरणारे निवेदक आदेश बांदेकर लगेच डोळ्यांपुढे येतात. खेळ हे बोलण्यासाठी काढलेले निमित्त होते. हे ध्यानात ठेवून आखणी केली तर छोट्या सोसायटीतला कार्यक्रमही चांगला रंगतो.

‘होम मिनिस्टर’ १३ सप्टेंबर २००४ रोजी अल्फा मराठी वाहिनीवर सुरू झाला, पुढे ती वाहिनी झी मराठी झाली आणि कार्यक्रम दीड दशकाहून अधिक काळ चालत राहिला. रचना अगदी साधी होती. निवेदकाने कोणाच्या तरी घरी जायचे, घरातल्या माणसांशी गप्पा मारायच्या, दोन गृहिणींमध्ये खेळ लावायचे आणि जिंकणारीला पैठणी द्यायची. दूरदर्शनवरील ‘ताक धिना धिन’मुळे बांदेकर आधीच परिचित होते, पण महाराष्ट्राचे ‘भावोजी’ ते येथे झाले. ‘दार उघड बये, दार उघड’ ही त्यांची हाक एकनाथांच्या भारुडात देवीला घातलेल्या हाकेची आठवण करून देते. एकनाथ पैठणचे आणि पैठणीही मूळची पैठणचीच, हा योगायोग मला नेहमी गमतीदार वाटत आला आहे.

आखणीची सुरुवात निवेदकाच्या निवडीपासून करावी. बोलका, विनोदी आणि मोठ्या आवाजाचा माणूस शोधण्याकडे आयोजकांचा कल असतो, परंतु या कामाला त्याहून वेगळा गुण लागतो. मराठी घरात भावोजींना वहिनीची थट्टा करण्याची मोकळीक असते आणि त्याच वेळी तिचा मान राखण्याचे बंधनही असते. बांदेकरांनी हे नाते स्वीकारले आणि ते कधी सोडले नाही. थट्टा नवऱ्याची अधिक व्हायची आणि वहिनी अडखळल्या तर आधार मिळायचा. म्हणून निवेदक निवडताना, तो हजर असलेल्या स्त्रियांशी कोणत्या नात्याने बोलणार आहे, हे आधी ठरवावे. सोसायटीतला सर्वांच्या ओळखीचा, थोडा वयस्क गृहस्थ काका म्हणून बोलू शकतो. एखादी स्त्री नणंदेच्या किंवा मैत्रिणीच्या नात्याने हे काम फार उत्तम करते, आणि मला तर तोच पर्याय अधिक पटतो. मात्र एकदा स्वीकारलेले नाते कार्यक्रमभर टिकले पाहिजे. अर्ध्या तासापूर्वी ‘वहिनी’ म्हणणारा निवेदक मध्येच हॉटेलातल्या पार्टीसारखे विनोद करू लागला की समोरच्या खुर्च्यांवरचे चेहरे आक्रसतात.

निवड झाल्यावर किमान आठवडाभर आधी भाग घेणाऱ्या स्त्रियांकडून एक लहानसा कागद भरून घ्यावा. त्यावर माहेर कोठले, काम किंवा नोकरी कोणती, कोणती गोष्ट मनापासून आवडते, घरातला एखादा गमतीचा प्रसंग आणि कोणत्या विषयावर प्रश्न विचारू नये, एवढेच असावे. शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच बहुतेक ठिकाणी नसते. मूल कधी, लग्न का झाले नाही, नवरा आज का आला नाही, असे प्रश्न घरगुती गप्पांत सहज निघतात, पण शंभर माणसांसमोर माईकवरून ते आले तर उत्तर देणारीला पळायला जागा उरत नाही. वजन, रंग, जात आणि पैसा यांवरचा विनोदही निवेदकाने पूर्णपणे टाळावा, मग कागदावर कोणी तसे लिहिलेले असो वा नसो.

याच संदर्भात एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे आवश्यक आहे. मूळ कार्यक्रमाचा डोलारा संसारावर, म्हणजे नवरा, सासर आणि लग्नाची गोष्ट यांवर उभा होता. त्या रचनेची नक्कल जशीच्या तशी केली तर विधवा, घटस्फोटित आणि अविवाहित स्त्रिया प्रेक्षकांत बसून राहतात, आणि हळदीकुंकवाला जोडून खेळ ठेवला असेल तर त्या येतही नाहीत. कार्यक्रमाच्या फलकावर ‘सर्व महिलांसाठी’ असे लिहून भागत नाही. अशा स्त्रियांना प्रत्यक्ष भेटून बोलावावे, आणि कार्यक्रमात नवऱ्याविषयीच्या प्रश्नाला दुसरा प्रश्न तयार ठेवावा. उखाण्यातही आईचे, लेकीचे, मैत्रिणीचे किंवा स्वतःचे नाव घेण्याची मुभा आहे, हे निवेदकाने सुरुवातीलाच सर्वांसाठी जाहीर करावे. कोणा एकीच्या पाळीला जाहीर केले तर ती सवलत वाटते आणि सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळतात.

आता प्रश्नांकडे वळू. ‘तुमचे लग्न कसे जमले?’ हा प्रश्न इतक्या वेळा विचारला गेला आहे की त्याचे उत्तरही पाठ झालेले असते. त्याच विषयावर नेमका प्रश्न विचारला तर गोष्ट उलगडू लागते. पाहण्याच्या कार्यक्रमाला त्यांच्याकडून कोण कोण आले होते, पोहे कोणी केले होते, पहिले वाक्य कोण बोलले, सासरी पहिल्यांदा केलेला कोणता पदार्थ बिघडला, घरातली कोणती वस्तू नवऱ्याला अजून सापडत नाही, असे प्रश्न विचारावेत. त्यांना ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून सुटता येत नाही आणि उत्तरासाठी फार धीरही लागत नाही. आधी सोपे प्रश्न, मग गमतीचे आणि शेवटी मनाजवळचा एखादाच, हा क्रम पाळावा. ‘स्वतःसाठी शेवटची सुट्टी कधी घेतली?’ हा प्रश्न शेवटी आला तर चालतो, पहिल्याच मिनिटाला आला तर उत्तर मिळत नाही.

उत्तर ऐकण्याची रीत प्रश्नापेक्षा अवघड आहे. उत्तर देणारी थांबली तर निवेदकाने तिचे वाक्य पुरे करू नये, कारण बहुतेक वेळा खरी गंमत त्या थांबण्यानंतर येते. ती हळू बोलली तर तेच उत्तर माईकवरून एकदा सांगावे, म्हणजे मागच्या रांगांना ऐकू जाते आणि तिलाही आपले बोलणे पोहोचल्याचे कळते. तिच्या उत्तरातलाच एखादा धागा उचलून पुढचा प्रश्न करावा. हातातल्या कागदावरचा पुढचा प्रश्न वाचून दाखवणारा निवेदक मुलाखत घेतो, गप्पा मारत नाही. नवऱ्याला किंवा सासूला बोलवायचे असेल तर आधी विचारून घ्यावे, आणि त्यांना तोच प्रश्न विचारावा ज्याचे उत्तर ती नुकतीच देऊन गेली आहे. दोन उत्तरांतल्या फरकावर हशा पिकतो, त्यासाठी वेगळा विनोद तयार करावा लागत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत ‘होम मिनिस्टर’ हा कार्यक्रम ‘घरच्या घरी’ या रूपात व्हिडिओ कॉलवरून करण्यात आला. निवेदक दारात नव्हता, शेजाऱ्यांची गर्दी नव्हती, तरी माणसे बोलत होती आणि पाहणारे पाहत होते. गप्पांवर अधिक वेळ खर्च करावा, या माझ्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा मला देता येणार नाही.

उखाण्यांना मात्र घाई चालत नाही. नाव घ्यायला सांगितल्यावर अर्धे मिनिट शांतता पडते, तेव्हा निवेदकाने पुढच्या स्पर्धकाकडे वळू नये. ज्यांना सुचत नाही त्यांच्यासाठी चार-पाच उखाणे चिठ्ठ्यांवर लिहून ठेवावेत. ते सोपे, यमक जुळणारे आणि कोणाचेही नाव बसेल असे असावेत, उदाहरणार्थ:

अंगणात सांजवेळी उजळली पणती,
…च्या गप्पांना नसते कधी गणती.

चिठ्ठीवरचा उखाणा घेणारीचे गुण कापू नयेत, पण स्वतः रचलेल्याला एक गुण जादा द्यावा. त्यामुळे पुढच्या वर्षी अधिक जणी तयारीने येतात.

खेळांबाबत फार खोलात जाण्याचे कारण नाही. साडी नेसून, कोणत्याही वयात, बसून किंवा एका जागी उभे राहून खेळता येतील असे एक-एक मिनिटाचे खेळ निवडावेत. १० कागदी पेल्यांचा चार, तीन, दोन, एक असा मनोरा रचून पुन्हा उतरवणे, एका हाताने जास्तीत जास्त बांगड्या भरणे, मिसळलेले मूग आणि मटकी वेगळी करणे, सुईत दोरा ओवून बटण लावणे, एवढे पुरते. पळापळीचे खेळ, बसून फुगे फोडणे आणि तोंडाने वस्तू उचलणे हे प्रकार टाळावेत, कारण ते मोबाइलवर चित्रित होतात आणि खेळणारीला नंतर ते पाहणे नको वाटते. प्रत्येक खेळाचे सामान मोजून वेगवेगळ्या पिशव्यांत भरावे आणि एकदा कोणाकडून तरी खेळून पाहावे, म्हणजे मिनिटभरात तो खरोखर होतो का हे समजते.

संख्येचा हिशोब आधी मांडला नाही तर रात्रीचे अकरा वाजतात. समजा २४ स्पर्धक आहेत. आठ-आठ जणींचे तीन गट करून प्रत्येक गटातून दोघी निवडल्या की सहा उरतात, आणि त्यांच्या एका खेळातून अंतिम फेरीसाठी दोघी मिळतात. पहिल्या फेरीत प्रत्येकीला एकच प्रश्न विचारावा, उरलेल्या सहा जणींशी दोन-तीन मिनिटे बोलावे आणि अंतिम दोघींना सात-आठ मिनिटे द्यावीत. असे केल्यास दीड-दोन तासांत सारे आटोपते. वेळ मोजायला दोन माणसे असावीत, ती आयोजकांच्या नात्यातली नसावीत, आणि बरोबरी झाल्यास काय करायचे हे खेळाआधी सांगितलेले असावे. पैठणी पणाला लागली की शेजारणीसुद्धा सेकंदांवरून वाद घालतात.

पैठणी विकत घेताना सांभाळून राहावे. हातमागावरची अस्सल पैठणी नाशिक जिल्ह्यातील येवल्यात आणि पैठणला विणली जाते, आणि तिला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तिच्या काठाची आणि पदराची नक्षी, मग ती मोराची असो, मुनियेची असो वा नारळी काठाची, मागच्या बाजूनेही जवळजवळ तशीच दिसते. यंत्रमागावरच्या साडीची उलटी बाजू पाहिली तर बहुधा सुटे, तरंगणारे किंवा कापलेले धागे दिसतात. वर्गणीतून अस्सल पैठणी परवडत नसेल तर बाजारात ‘सेमी पैठणी’ मिळते आणि ती देण्यात काहीही कमीपणा नाही. मात्र पत्रिकेत आणि फलकावर तसे लिहावे. २०२२ मध्ये ‘होम मिनिस्टर’च्या ‘महामिनिस्टर’ या पर्वात ११ लाखांची पैठणी ठेवली होती आणि तिची चर्चाही भरपूर झाली, पण माझ्या मते त्या आकड्याने कार्यक्रमाला त्याच्या साध्या पैठणीपेक्षा अधिक काही दिले नाही. बक्षीस इतके मोठे झाले की प्रेक्षक बोलण्याऐवजी निकालाची वाट पाहू लागतात.

साडीबरोबर तिचे बिल जपून ठेवावे आणि रंग बदलून घेता येईल का, हे दुकानात आधीच विचारावे. विजेतीला पैठणी लगेच नेसायची इच्छा असेल तर जवळच्या घरातली एक खोली, आरसा, पिना आणि नेसवायला मदत करणारी एक जण तयार असावी. नसेल तर खांद्यावर पदर टाकून छायाचित्र काढले तरी पुरे.

निकाल सांगताना निवेदकाने माईक आधी उपविजेतीकडे द्यावा. ती जिंकणारीविषयी जे बोलते ते टाळ्यांच्या गजरानंतर कोणाला ऐकू येत नाही, म्हणून ते निकालाच्या घोषणेनंतर लगेच आणि विजेती पुढे येण्याआधी घ्यावे. तिला देण्याची भेट डब्यांचा संच किंवा भिंतीवरचे घड्याळ अशी सवयीने आणलेली नसावी, तिने कागदावर लिहिलेल्या आवडीला धरून आणलेली असावी. चित्रण कोठेही टाकण्यापूर्वी त्यात दिसणाऱ्या प्रत्येकीची परवानगी घ्यावी. ज्यांनी नको म्हटले असेल त्यांचा भाग काढून टाकावा आणि पूर्ण चित्रण फक्त स्पर्धकांच्या घरी पोहोचवावे.