होंडा सिटी व्हीटेकसाठी वापरलेले इंजिन शोधताना

मे महिन्यात नागपूरजवळच्या बुटीबोरीहून परतताना माझ्या होंडा सिटी व्हीटेकचा रेडिएटर फुटला. व्हीटेक म्हणजे वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह उघडणारा कॅम बदलणारी होंडाची इंजिन-रचना. बाहेर पंचेचाळीस अंशांची झळ होती, आणि तापमानाचा काटा लाल रेषेला टेकलेला दिसेपर्यंत व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकले होते आणि ब्लॉकमध्ये, म्हणजे सिलिंडर असलेल्या मुख्य भागात, दोन सिलिंडरांच्या मधल्या भिंतीला तडा गेला होता. हेड फेस करून, म्हणजे घासून सपाट करून, मिळते, तडकलेल्या ब्लॉकचा मात्र भरवसा धरता येत नाही. त्यानंतरचे आठ महिने मी इंजिन शोधत होतो. त्या शोधात जे शिकलो ते ही गाडी, किंवा अशीच एखादी जुनी, वेगवान आणि जिवापाड जपलेली गाडी ठेवणाऱ्यांसाठी येथे लिहीत आहे.

इंजिन बदलण्याचा निर्णय घेण्यापूर्वी जुने इंजिन उघडून हिंगणा एमआयडीसी भागातील एखाद्या चांगल्या मशीन शॉपमध्ये ब्लॉक आणि क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा मुख्य दांडा) मोजून घ्यावेत. केवळ बोअर (सिलिंडरचे भोक) झिजला असेल आणि ओव्हरसाइज पिस्टन मिळत असतील, तर रेबोर करून, म्हणजे ते भोक थोडे मोठे करून, घेणे अनोळखी इंजिन आणण्यापेक्षा कधीही चांगले, कारण त्या इंजिनाचा सगळा इतिहास तुम्हाला ठाऊक असतो आणि आरसीवरील क्रमांकही तोच राहतो.

बदलणे अटळच असेल, तर आपल्याला नेमके काय हवे आहे ते आधी पक्के करावे. सिटीच्या त्या पिढीत १.३ ईएक्सआय, १.५ ईएक्सआय आणि १.५ व्हीटेक अशी वेगवेगळी इंजिने होती. १४९३ सीसीचे आणि १०६ अश्वशक्तीचे व्हीटेक २००३ मध्ये नवी सिटी येईपर्यंतच मिळत होते, म्हणून ते आज दुर्मिळ आहे, आणि जे दुर्मिळ असते त्याच्या नावावर दुसरे काहीतरी खपवले जाते. माझेही तसेच झाले. परराज्यातील एका व्यापाऱ्याला मी फोटो पाहून बयाणा पाठवला. वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात गोणपाट सोडले, तेव्हा वरचे झाकण व्हीटेकचेच होते, परंतु डिस्ट्रिब्यूटरजवळ (प्लगांना वीज वाटणाऱ्या भागाजवळ) हेडवर जो व्हीटेक सोलेनॉइड, म्हणजे कॅम बदलण्यासाठी ऑइलचा दाब सोडणारी विजेवरची झडप, असायला हवा तो नव्हता, आणि तो बसवण्याची जागाही नव्हती. ईएक्सआयच्या इंजिनावर फक्त झाकण बदललेले होते. बयाणा बुडाला, ट्रकभाडेही गेले. म्हणून झाकणाच्या फोटोवर कधीही समाधान मानू नये. सोलेनॉइडचा, ब्लॉकवर कोरलेल्या इंजिन क्रमांकाचा आणि स्पार्क प्लग काढलेल्या भोकांचा जवळून घेतलेला फोटो मागावा, आणि त्या क्रमांकाची सुरुवातीची अक्षरे आपल्या आरसीवरील क्रमांकाशी ताडून पाहावीत.

या अनुभवानंतर माझे ठाम मत झाले की, सुटे इंजिन शोधण्याऐवजी ते ज्या गाडीत आहे ती गाडी शोधावी. मागून धडक बसलेली किंवा पत्रा गंजून मोडीत निघालेली व्हीटेक मिळाली, तर इंजिन तिच्यातच चालू करून ऐकता येते, मालकाशी बोलता येते आणि सर्व्हिसची जुनी बिले पाहता येतात. शिवाय व्हीटेकचा ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक), वायरिंग, गिअरबॉक्स, माउंटिंग आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हे सारे एकत्र मिळते. सुट्या इंजिनाबरोबर या वस्तू हमखास अपुऱ्या येतात आणि मग एकेका सेन्सरसाठी महिने जातात. पूर्ण गाडीला पैसे जास्त लागतात हे खरे, तरीही मी तोच मार्ग सुचवीन.

अशी गाडी शोधण्यासाठी पहिला फोन जुन्या मिस्त्रींना करावा. वीस वर्षे होंडाच्या गाड्या उघडणाऱ्या माणसाला कोणाच्या अंगणात कोणती व्हीटेक ताडपत्रीखाली उभी आहे, हे ठाऊक असते. मला हवी असलेली गाडी अखेर अमरावतीच्या एका मिस्त्रींमुळेच सापडली. बाजारातून घ्यायचे झाल्यास मुंबईचे कुर्ला, दिल्लीचे मायापुरी, चेन्नईचे पुदुपेट आणि कोलकात्याचा मलिक बाजार ही जुन्या भागांची मोठी ठिकाणे आहेत. देशाच्या मध्यावर असलेल्या नागपूरकरांना यांपैकी कोणतेच जवळ नाही आणि कोणतेच आवाक्याबाहेरही नाही. समृद्धी महामार्ग पूर्ण झाल्यापासून मुंबईची फेरी तरी सोपी झाली आहे. पैसे देण्यापूर्वी स्वतः जावे, आणि शक्य असल्यास आपल्या मिस्त्रींना सोबत न्यावे. त्यांची दिवसाची मजुरी भरून देणे हा या व्यवहारातील सर्वांत सार्थकी लागणारा खर्च आहे.

इंजिन समोर आल्यावर घाई करू नये. ऑइल भरायचे झाकण उघडून आतून बोट फिरवावे. दह्यासारखा पांढरट चिकटा लागला, तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असण्याची दाट शंका घ्यावी. चारही प्लग काढून क्रमाने कापडावर मांडावेत. तीन प्लग तपकिरी आणि एकच लख्ख धुतल्यासारखा असेल, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी शिरत होते असे समजण्यास जागा आहे. त्यानंतर क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावे, म्हणजे चारही सिलिंडरांचे एक चक्र पूर्ण होते. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी की, होंडाची ही इंजिने पुलीच्या बाजूने पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. मध्येच कुठे अडले किंवा खरखरले, तर तेथेच नमस्कार करून निघावे.

स्टार्टर आणि बॅटरी लावता येत असेल, तर कम्प्रेशन टेस्ट केल्याशिवाय सौदा करू नये. चारही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि बॅटरी भरलेली असावी. या घराण्यातील इंजिनांना किमान १३५ पीएसआय दाब लागतो आणि सिलिंडरांमधील फरक २८ पीएसआयपेक्षा जास्त चालत नाही. मी मात्र किमान आकड्यावर समाधान मानत नाही. निरोगी इंजिन त्याच्या बरेच वर दाखवते, आणि मला चारही आकडे एकमेकांच्या जवळ हवे असतात. एखाद्या सिलिंडरचा दाब कमी आला, तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर दोष रिंग-पिस्टनमध्ये, आणि तसाच राहिला तर व्हॉल्व्हमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये शोधावा.

पुरात बुडालेल्या गाडीबाबत अधिक सावध राहावे लागते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि आसपासच्या वस्त्यांमध्ये उभ्या असलेल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. पाणी ओढलेले इंजिन चालू करण्याचा प्रयत्न कोणी केला असेल, तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वाकलेला असू शकतो, आणि बाहेरून पुसलेले इंजिन ते सांगत नाही. टायमिंग बेल्टचे प्लास्टिक कव्हर काढून आतल्या कोपऱ्यात आणि अल्टरनेटरच्या फटींमध्ये टॉर्च मारावा. धूळ कोरडी आणि भुरभुरीत असते, पुराचा गाळ मात्र थर धरून बसतो आणि नखाने खरवडल्यावर पापुद्र्यासारखा निघतो.

कागदपत्रांशिवाय इंजिन उचलू नये. विक्रेत्याच्या बिलावर इंजिन क्रमांक लिहून घ्यावा. गाडी मोडीत निघाली असल्यास नोंदणी रद्द झाल्याच्या कागदाची प्रत घ्यावी, आणि ‘हाफ कट’ म्हणून, म्हणजे अर्ध्या कापलेल्या गाडीसह, परदेशातून आलेले इंजिन असेल तर बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टमचा कागद) मागावे. इंजिन चोरीच्या गाडीचे नाही ना, हे एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) वाहन समन्वय या सेवेवर इंजिन क्रमांक टाकून तपासता येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदलल्यावर १४ दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकरणाला कळवून आरसीवर नवा क्रमांक चढवावा लागतो. माझा सल्ला असा की, इंजिन उतरवण्यापूर्वीच आपल्या आरटीओत, मग गाडी एमएच ३१ ची असो, ४० ची असो वा ४९ ची, जाऊन कोणते कागद लागतील ते विचारून यावे. विमा कंपनीलाही लेखी कळवावे. या सर्व गाड्यांनी पंधरा वर्षांची नोंदणी केव्हाच ओलांडली असल्याने दर पाच वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी क्रमांक तपासला जातो, आणि तो जुळला नाही तर जपलेली गाडी दारातच अडकून पडते.

इंजिन जमिनीवर असतानाच टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, क्रँकचे पुढचे-मागचे ऑइल सील आणि क्लच प्लेट बदलून घ्यावी, कारण हेच काम नंतर करायचे झाल्यास मजुरी दुप्पट पडते. व्हीटेक सोलेनॉइडची बारीक जाळी काढून धुवावी. ती तुंबली की ऑइलचा दाब पोहोचत नाही, वरच्या आरपीएमला कॅम बदलत नाही आणि ज्या क्षणासाठी आपण ही गाडी ठेवतो तो क्षणच येत नाही. नागपूरचा उन्हाळा पाहता रेडिएटर आणि थर्मोस्टॅट नवेच घालावेत, जुना धुऊन वापरण्याचा मोह मला एकदा महाग पडला आहे. पहिल्यांदा चालू करताना प्लग काढून ठेवावेत, इंधन बंद ठेवावे आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत थोडा थोडा स्टार्टर मारावा. पाचशे किलोमीटर झाल्यावर ऑइल आणि फिल्टर बदलावेत, आणि जुना फिल्टर कापून त्याचा कागद पांढऱ्या थाळीत पसरून उन्हात न्यावा, म्हणजे बेअरिंगचा चुरा असेल तर तो चमकून लगेच दिसतो.