'का' विचारू नका, कागद मागा

आमच्या आळीतला काँक्रीटचा रस्ता पहिल्याच पावसाळ्यात उखडला. मी तावातावाने माहिती अधिकारात अर्ज टाकला: 'रस्ता निकृष्ट का झाला?' महिन्याने उत्तर आलं, 'प्रश्नार्थक माहिती देता येत नाही.' राग आला, पण चूक माझीच. 2005 चा हा कायदा दप्तरात असलेला कागद देतो, खुलासे करत बसत नाही.

मग पंचायत समितीतून निवृत्त झालेल्या मेव्हण्याने कागदांची नावं सांगितली. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, बिलं आणि मोजमाप पुस्तिका, म्हणजे सगळे जिला 'एमबी' म्हणतात ती. खरी मेख एमबीत. किती लांब, किती रुंद, किती जाड, सगळं अभियंत्याच्या सहीनिशी. एमबी ग्रामपंचायतीत नसली तरी अडत नाही. अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

अर्ज जोडपत्र 'अ' या ठरलेल्या नमुन्यात, वर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नको, फक्त दाखल्याची प्रत जोडायची. विषय एकच ठेवा आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. कामाचं नाव, वर्ष, योजना नेमकी लिहा. (वित्त आयोगाच्या पैशातलं काम असेल तर ही नावं ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर आधी बघून घ्या.) 'कशाला हवंय?' असं ग्रामपंचायत अधिकारी (आधीचे ग्रामसेवक) विचारतील. कारण सांगायचं बंधन नाही, पण भांडूही नका, गावातच राहायचंय. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का मात्र घेतल्याशिवाय उठू नका.

तीस दिवसांत कागद मिळायला हवेत, पानाला 2 रुपये. मुदत उलटली तर तेच कागद फुकट द्यावे लागतात. तरीही गप्प बसले, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, जोडपत्र 'ब', 20 रुपयांचा स्टॅम्प. मला अपिलापर्यंत जावं लागलं.

कागद हातात आले की तिथेच पानं मोजा आणि प्रत्येक पानावर साक्षांकनाचा शिक्का-सही आहे का बघा. माझ्या गठ्ठ्यात एकाच पानावर नव्हता. एमबीचं पान होतं ते. जाडी 15 सेंटिमीटर लिहिलेली. उखडलेल्या कडेला मी पट्टी लावली तेव्हा दहाच भरली होती. शिक्क्यासाठी परत हेलपाटा घातला.