गोळीची स्ट्रिप उलटी करून वाचा

"कॅल्शियमची एखादी चांगली गोळी दे गं." लालबागला आमच्या मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य रोज ऐकू येतं. मी आधी विचारते, "मावशी, दूध-दही घेता का?" दुकानदाराने असं विचारू नये खरं तर; पण औषधाआधी ताटाचा हिशेब बघावा, असं माझं मत आहे.

मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी गेलेल्या बाईला १२००. दोन कप दुधात मिळून साडेचारशेच्या आसपास मिळतं (कप म्हणजे २०० मिली, टपरीची कटिंग नव्हे). वाटीभर दह्यात दीडशेच्या वर, नाचणीच्या दोन भाकऱ्यांत तीनशेच्या पुढे. हजाराच्या जवळ आलोच की! नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळली तर ते अंगी जास्त लागतं. त्यावर तिळाची चटणी, पण तीळ सालासकट घ्या. पांढरेशुभ्र पॉलिशचे नकोत. पालकावर मात्र फार विसंबू नका, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम धरून ठेवतं. त्यापेक्षा मेथी किंवा शेवग्याचा पाला बरा.

मासे खाणाऱ्यांना वाटतं, आपल्याला काळजी नाही. पण सुरमईचा काटा आपण ताटाबाहेर काढतो, आणि कॅल्शियम असतं नेमकं त्या काट्यात. म्हणून कुरकुरीत तळलेली मांदेली काट्यासकट खा. सुका जवळा तर अख्खा कवचासकटच पोटात जातो. बीपी असेल तर खारवलेली सुकी मासळी बेताने, कारण जास्तीचं मीठ लघवीवाटे कॅल्शियमही घेऊन जातं.

हे कॅल्शियम आतड्यातून नीट शोषलं जायला ड जीवनसत्त्व हवं, आणि मुंबईकरांचं घोडं इथेच अडतं. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा उपयोग नाही. लागणारे किरण काच अडवते. सकाळी सातचं कोवळं ऊनही त्या कामाचं नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड दिसली की ऊन कामाचं समजा. तेव्हा हात-पाय उघडे ठेवून गच्चीवर पंधरा-वीस मिनिटं, आठवड्यातून तीन-चारदा. सावळ्या कातडीला थोडा जास्त वेळ लागतो. मे महिन्यात चटका बसेपर्यंत थांबू नका, आणि नुसतं बसण्यापेक्षा चाला. हाडांना भार लागतो. पावसाळ्यात ढग असतात, तेव्हा पिशवीवर '+एफ'ची खूण असलेलं दूध बघून घ्या; त्यात ड मिसळलेलं असतं. बांगडा, तारली, अंड्याचा बलक यांतूनही थोडंफार मिळतं.

एवढं करूनही डॉक्टरांनी गोळी दिलीच, तर स्ट्रिप उलटी करा. 'कॅल्शियम कार्बोनेट १२५०' या मोठ्या आकड्यावर जाऊ नका, त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० असतं. एका वेळी शरीर साधारण तेवढंच नीट घेतं, म्हणून दोन गोळ्या सांगितल्या असतील तर एक दुपारी, एक रात्री, जेवणानंतर. अॅसिडिटीची गोळी कायम चालू असेल तर कार्बोनेटऐवजी कॅल्शियम सायट्रेटच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा. थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचं अंतर ठेवा, लोहाच्या गोळीपासून दोन. मुतखडा किंवा किडनीचा त्रास असेल तर स्वतःच्या मनाने काहीच घेऊ नका.

राहिलं ड-चं ६०,००० युनिटचं पाकीट. ते बहुधा आठवड्यातून एकदाच असतं, आणि काही लोक ते रोजच्या गोळ्यांच्या डबीत टाकतात! ड चरबीत साठतं. अति झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं. उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान सुरू होते, किडनीवरही ताण येतो. वार ठरवा, कालनिर्णयवर तेवढ्याच तारखांना गोल करा आणि जेवणानंतर दुधातून घ्या. गोल संपले की थांबायचं. सहा महिन्यांनी तीच जुनी चिठ्ठी घेऊन आलात, तर मी पाकीट देणार नाही. आधी डॉक्टरांना दाखवा.